खोक्याला नावं ठेवणारी माणसं

४ एप्रिल

चि. भिंगरी हिस,

तुझा पत्ता महिनाभर जुना आहे. हे पत्र पोचेपर्यंत तू तिथून उडाली असशील तर माझा इलाज नाही. मिळालं तर बसून वाच, चालता चालता वाचू नकोस.

मुंगीचा फोन मी काढून घेतला आहे. तो कार्यशाळेतल्या खणात, खळीच्या डब्यामागे आहे आणि तिथेच राहील. कारण अभ्यास नाही. अभ्यासात ती जेमतेम आहे आणि तिच्या वयाला मीही जेमतेमच होतो. कारण असं की तू तिला फोनवरच्या ज्या गटात नेऊन सोडलंस, तिथली माणसं तिला काय काय बोलतात ते मी परवा वाचलं. फोन टेबलावर उघडा होता. पोरीचं खासगी वाचू नये एवढं मला कळतं, पण पहिली ओळ डोळ्यात गेली आणि मग थांबता येईना.

सोळा वर्षांच्या मुलीने एका पुठ्ठ्यातून, खळीचा थेंब न वापरता, काचेचं भांडं अलगद बसेल असं खोकं नुसत्या घड्या घालून काढलं. मी तीस वर्षं खोकी करतोय, मला हे सुचलं नव्हतं. आणि त्यावर चाळीस परकी माणसं काय म्हणतात? एक म्हणतो, झाकण नुसतं दिखाऊ आहे. एक म्हणते, तळाचा तू विचारच केलेला नाहीस. 'गंज' म्हणून कोणी आहे, तो म्हणतो, "हे खोकं घाबरून बनवलंय." चाळिसांतल्या एकानेही चांगला शब्द काढलेला नाही. मी शेवटपर्यंत पाहिलं.

या घरात मुंगीला कोणी कधी उणं बोललेलं नाही. चौथ्या वर्षी तिने वाकडीतिकडी डबी केली होती, ती अजून माझ्या कपाटात आहे. असं सोलून काढायला मी तिला वाढवलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नाही कळणार, आणि आत गेली. कळायचं ते मला कळलं.

तू तिला तिथे नेलंस म्हणून तुला कळवतो. रागावलो आहे. जेवत जा.

काका

---

९ एप्रिल

काका, नमस्कार.

मी उडाले नाही, फक्त वरच्या मजल्यावरून खाली आले. आधी या रुग्णालयात जेवणाच्या ट्रॉल्या ढकलायचे, आता धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. दिवसाला चारेकशे होतात. माझ्यासमोर एक मावशी असतात. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या, आणि आम्ही नाचल्यासारख्या जवळ येतो, मागे जातो. त्या चादर तीन भागांत दुमडतात. मी पहिल्या दिवशी दोन भागांत दुमडली तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी तुम्ही उलटी खाच पाडणाऱ्याकडे टाकता. असो. लिहायला बसले होते मुंगीबद्दल.

थोडक्यात सांगते. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तिथे चांगला शब्द नाही, कारण चांगला शब्द लिहायला तिथे बंदी आहे.

आधी तोही गट बाकीच्यांसारखाच होता. कोणी काही बनवून मांडलं की खाली छान, सुंदर, मस्त, अंगठे, फुलं. गट चालवणाऱ्या बाई तंबू शिवतात. त्यांनी एकदा मुद्दाम एक तंबू मांडला, त्याचं दार आतून उघडतच नव्हतं. आत गेलेला माणूस आतच राहिला असता. त्यालाही साठ जणांनी सुंदर म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन नियम केले. एक, स्तुती करायची नाही. दोन, दोष काढायचा असेल तर आधी ती वस्तू स्वतःच्या हाताने बनवायची, तिचा फोटो वेगळ्या पानावर लावायचा आणि मगच तोंड उघडायचं. तुम्ही ते फोटोंचं पान पाहिलेलंच दिसत नाही. तुम्ही फक्त तोंडं वाचलीत.

म्हणजे मुंगीच्या खोक्याला चाळीस जणांनी नावं ठेवली, याचा अर्थ चाळीस जणांनी तिचं खोकं बनवलं. त्यात क्रेन चालवणारा एक जण आहे, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एक बाई आहेत, मुंगीच्या वयाच्या तीन-चार मुली आहेत. कोणी कोणाला पाहिलेलं नाही.

अजून एक, जे मुंगीने तुम्हाला सांगितलेलं नसणार. दर महिन्याला पाचशे माणसांतून एकच नमुना घेतात आणि सगळे महिनाभर त्याच्याच मागे लागतात. एप्रिल मुंगीचा आहे, तिचं खोकं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच मांडलं होतं. तीस तारखेपर्यंत तिने सुधारलेलं खोकं मांडलं नाही तर नमुना बाद होतो, आणि बाद झालेला पुन्हा घेत नाहीत. फोन परत द्या असं मी म्हणत नाही. म्हणजे, तेच म्हणतेय.

माझंच सांगते. तीन कॉलेजांची पायरी चढले आणि उतरले, हे तुम्हाला बाबांकडून कळलेलंच आहे. मला कोणत्याही गोष्टीपाशी आठवडाभर थांबता यायचं नाही. मी त्या गटात चादरीची घडी मांडली, गंमत म्हणून. तंबूवाल्या बाईंनी एकच विचारलं, तीन भागच का? मी एकोणीस दिवस त्यावर होते. चादरी मोजल्या, कपाटाचे कप्पे मोजले, मावशींच्या हातांची लांबी मोजली, त्या हसून बेजार झाल्या. उत्तर असं निघालं की तीन भागांत दुमडलेली चादर अंधारात चाचपली तरी तिची मोकळी कड कुठे आहे ते हाताला कळतं. म्हणजे हे कोणी मुद्दाम शोधलेलं नव्हतं, ते मावशींच्या हातांना नुसतं ठाऊक होतं, आणि ते मी शब्दांत आणलं. मी, काका. फोन नसता तर मला हा प्रश्न विचारणारं कोणी भेटलं नसतं.

काकूला नमस्कार. पाय फार दुखतात, पण जेवतेय.

भिंगरी

---

१३ एप्रिल

चि. भिंगरी हिस,

पत्र मिळालं. सात पानं, त्यातली चार चादरींवर.

तंबूची गोष्ट काकूला वाचून दाखवली, ती हसली. मी हसलो नाही. बनवून बघतो म्हणायला काय जातं? माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं की हे तर घरीसुद्धा करता येईल. आजवर एकानेही करून आणलेलं नाही. तुझी ती चाळीस माणसंही तसलीच. आणि नमुना निवडला म्हणून मुलीला महिनाभर चावत बसायचं, ही कुठली रीत?

तुला काळजी वाटत असेल म्हणून सांगतो, मुंगी आता शांत आहे. घड्यांची वही मिटून वर ठेवली आहे. काकूच्या हाताखाली कामाला असते, वेळेवर झोपते, विचारलं तर हो-नाही म्हणते. पूर्वी जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने रेघा ओढत बसायची, तेही बंद झालंय. डोक्यावरचं ओझं उतरलं असावं.

काल तिला बरं वाटावं म्हणून मी तिचं खोकं गिऱ्हाइकांना दिसेल असं समोरच्या फळीवर मांडलं. तिने ते उचलून आत नेलं. लाजली असेल.

तो गंज मात्र मला एकदा भेटला पाहिजे. त्याला समोर बसवून एवढंच विचारीन की बाबा रे, तू आयुष्यात किती खोकी केलीस?

काका

---

१७ एप्रिल

काका,

सहा केली. गंज मी आहे.

हे मी मागच्याच पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं होतं, आणि ते पान फाडलं. म्हणून चादरींवर चार पानं झाली.

आता पळून न जाता सगळं सांगते. मुंगीने खोकं मांडलं तेव्हा मी ते रात्रभर फोनवर बघत बसले. ती आपल्या घरातल्या कोणाहीपेक्षा हुशार आहे, तुमच्यापेक्षाही, रागावू नका. मी रुग्णालयातल्या औषधांच्या रिकाम्या पेट्या फोडून तिचं खोकं बनवलं. चार फाटली, दोन जमली. जमलेल्यांत मी सलाइनची बाटली ठेवून हलवून पाहिली. आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक कोपऱ्यात एक घडी जास्तीची आहे. घडी पुरेशी घट्ट बसलेली, आणि तरी तिच्यावर दुसरी. जसं कुलूप लावल्यावर आपण तीनदा ओढून बघतो. तिचा स्वतःच्या घडीवर विश्वास नव्हता. म्हणून लिहिलं की घाबरून बनवलंय.

ताई म्हणून लिहिलं असतं तर तिला वाटलं असतं, ताई प्रेमाने काहीतरी म्हणतेय. आपल्याकडे सगळेच प्रेमाने म्हणतात. तुम्ही, काकू, बाबा, मी. तिने रेघ ओढली तरी आपण वाहवा करतो. त्यामुळे तिला आपल्या कोणाच्याच बोलण्यातून काही कळत नाही. ती आपल्याला विचारायची बंदच झाली होती, तुमच्या लक्षात आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं.

गंजला तिने काय उत्तर दिलं ते तुम्ही वाचलेलं नाही, कारण ते तिच्या स्वतःच्या पानावर आहे.  दुसऱ्या दिवशी लिहिलं, "हो. कुठे कुठे घाबरले ते दाखवते." आणि खाली चित्र काढून सात घड्यांवर एकेक फुली मारली. सातही काढून टाकल्या. खोकं उभं राहिलं. सोळाव्या वर्षी, काका. मला आजही माझी एक चूक कोणी दाखवली तर मी गाव बदलते.

ती वेळेवर झोपते हे वाचून मला धस्स झालं. ताटावरच्या त्या रेघा म्हणजे तिचं डोकं चालू असायचं.

सोबत पाकीट आहे. मी फोटोंच्या पानावरचे अकरा फोटो छापून घेतले. आणखी छापणार होते, पण छापणाऱ्या माणसाशी कागदाच्या जाडीवर गप्पा रंगल्या आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली. बोलायला काय जातं, असं तुम्ही म्हणता. ठीक आहे. बोललेलं सोडून द्या. हात बघा. हातांतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गंज (भिंगरी)

---

२२ एप्रिल

चि. भिंगरी हिस,

फोटो मिळाले. पहिल्या दिवशी पाकीट उघडलं नाही. तुझा राग आला होता. आपलीच मुलगी मुखवटा घालून आपल्याच मुलीला बोलते, हे मला अजूनही पचलेलं नाही. काकू म्हणाली, तू आपली आहेस म्हणूनच सहा वेळा बनवलंस. तिचं आणि माझं यावर दोन दिवस वाजलं.

काल दुपारी उघडलं. चष्म्यावर भिंग धरून एकेक पाहिलं.

पुठ्ठ्याची घडी खोटं बोलत नाही. कोणी घाईत दाबली, कोणी पुन्हा पुन्हा उकलली, कोणाचा अंगठा दुखला, सगळं कडेवर राहतं. क्रेनवाल्याचं खोकं मला लगेच ओळखू आलं, मागे काचेतून खाली सगळी मालधक्क्याची जमीन दिसते. त्याने खाच पाडायला किल्ली वापरली आहे. सुरुवातीची खाच खोल गेलीय, शेवटची बरोबर. म्हणजे त्याने हे एकदा केलेलं नाही, शिकत शिकत केलंय. कवळीवाल्या बाईंच्या घड्या माझ्यापेक्षा सरळ आहेत. एकीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तेच खोकं नऊ वेळा ओळीने मांडलेलं आहे, दरवेळी आधीच्यापेक्षा थोडं बरं. आणि एक आहे त्यातल्या सगळ्या घड्या डावीकडून उजवीकडे कललेल्या. मला पाच मिनिटं कळेना. मग कळलं, त्या माणसाला एकच हात आहे. त्याने पुठ्ठा हनुवटीखाली धरून घडी घातली आहे, कडेला दाबल्याची खूण आहे. तळाचा तू विचारच केलेला नाहीस, असं म्हणणारी बहुतेक तीच. म्हणणारच. एका हाताने तळ बसवताना तिला केवढा त्रास झाला असेल.

तीस वर्षांत माझ्या कुठल्याही खोक्यासाठी कोणी एवढा वेळ दिलेला नाही. लोक त्यातली वस्तू काढतात आणि खोकं टाकून देतात. त्यात मला कधी वाईट वाटलं नाही, आजपर्यंत.

अजून एक दिसलं. अकराच्या अकरा खोक्यांत तिसरा कोपरा एकाच ठिकाणी चिरलेला आहे. कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. प्रत्येकाला वाटलं असेल, आपलाच हात चुकला. पण ती चूक त्यांची नाही. मुंगीची आहे.

आणि हे मला तिला सांगता येत नाहीये. सकाळपासून दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो. बारा वर्षं शाबासकी देत आलोय, आता तोंड कुठून उघडू? चूक कशी दाखवतात ते मला ठाऊक आहे, कामगारांना रोज दाखवतो. तिला दाखवायची वेळ मी कधी येऊच दिली नाही.

काका

---

२५ एप्रिल

ताई,

गंज तू आहेस हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. जगात दुसरं कोणी "थोडक्यात सांगायचं तर" म्हणून सुरुवात करून दोन पानं लिहीत नाही. मी बोलले नाही कारण मग तू मऊ झाली असतीस.

बाबांनी फोन परत दिलाय, पण तो कसा दिला ते ऐक. परवा संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले, पलंगावर अकरा फोटो पत्त्यांसारखे मांडले आणि एकेक सरळ करत राहिले. मला वाटलं, आता समजुतीचं भाषण होणार.  मग कपाळाला हात लावून म्हणाले, "मुंगे, तुझा तिसरा कोपरा फाटतो."

मी म्हटलं, नाही फाटत. ते म्हणाले, फाटतो, अकरा वेळा फाटलाय. मी म्हटलं, लोकांना घडी नीट घालता येत नाही. तर ते जे काही बोलले ना, तसं ते आजवर फक्त पुठ्ठा पुरवणाऱ्याशी बोलताना मी ऐकलंय. म्हणाले, दुसऱ्याच्या हाताला दोष देणारा कारागीर मी माझ्या दुकानात ठेवत नाही. आई दारात आली, हात पुसत, की काय झालं. बाबा म्हणाले, काही नाही, काम चाललंय.

मला रडू आलं, पण अपमानाचं नव्हतं. मला नीट सांगता येत नाही. मी गेले तीन आठवडे असं समजत होते की त्यांना माझं खोकं म्हणजे माझ्या लहानपणच्या त्या डबीसारखंच आहे, कपाटात ठेवायचं. फळीवर मांडलं तेव्हा तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग आम्ही खाली कार्यशाळेत गेलो आणि त्यांनी मला पुठ्ठा फाडून दाखवला. पुठ्ठ्याला लाकडासारख्या शिरा असतात. शिरांच्या दिशेने घडी घातली तर ती मऊ बसते, आडवी घातली तर चिरते. हे मला माहीत होतं. पण माझी तिसरी घडी तिरकी आहे आणि तिरक्या घडीवर शिरा नेमक्या कोपऱ्यापाशी उलट्या पडतात, हे मला माहीत नव्हतं. गटात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यापैकी कोणीच रोज पुठ्ठा हाताळत नाही. जाताना बाबांनी खणातून फोन काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, त्यांना विचार, कोणाला आणखी काही दिसतंय का.

पाच दिवस आहेत. मी विचारलंय. एका हाताच्या बाईंनी (बाईच आहेत, बाबांनी बरोबर ओळखलं) पुठ्ठा आधी ओलसर करून पाहिला, जमलं नाही. क्रेनवाले म्हणतात की ताण कोपऱ्यावर येऊच नये असं काहीतरी कर. म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नाही. मी ताटावर रेघा ओढतेय. आई ओरडतेय.

तू कुठे आहेस? पाकिटावरचा शिक्का वेगळाच होता.

मुंगी

---

२८ एप्रिल

मुंगे आणि काका, दोघांनाही एकच पत्र,

मी आता रोपं विकणाऱ्यांकडे आहे. कुंड्या भरते, पाणी घालते. इथे गोगलगायी फार. आज सकाळी एक गोगलगाय कुंडीच्या धारदार कडेवरून सरळ पलीकडे गेली, अंगावर एक ओरखडा नाही. मी पाऊण तास बघत बसले, मालकीणबाईंनी दोनदा हटकलं. ती कडेवर वजन टाकतच नाही. आपण जिथे भार देतो तिथे ती आधी चिकट थर पसरते आणि मग अंग पुढे सरकवते. याचा खोक्याशी काही संबंध आहे की नाही, मला माहीत नाही. पण क्रेनवाल्यांचं वाक्य मुंगीने लिहिलेलं डोक्यात होतं, म्हणून दिसलं. नाहीतर मला नुसती गोगलगाय दिसली असती.

मी हे गटातही मांडलंय. कवळीवाल्या बाईंनी लगेच विचारलं की चिकट थराऐवजी पुठ्ठ्याचीच एक जीभ कोपऱ्याखाली सरकवली तर? मला बनवून पाहायला इथे पुठ्ठा नाही, त्यामुळे मला तोंड उघडायचा हक्क नाही. तुम्ही बघा.

भिंगरी

---

१ मे

चि. भिंगरी हिस,

काल दुपारी मुंगीने चौथं खोकं मांडलं. वेळेत. नमुना राहिला.

जिभेची कल्पना चालली, पण तू लिहिलीस तशी नाही आणि कवळीवाल्या बाईंनी लिहिली तशीही नाही. त्यांची जीभ वेगळ्या तुकड्याची, बाहेरून सरकवलेली होती, आणि मुंगीचा हट्ट की पुठ्ठा एकच हवा. तिने तळातूनच एक अरुंद पट्टी तीन बाजूंनी कापून कोपऱ्याखाली वळवली. आता भार कोपऱ्यावर येतच नाही. मी त्यात काचेचं नरसाळं ठेवून शिडीवर चढलो आणि वरच्या पायरीवरून सोडलं. काकूने डोळे मिटले होते. नरसाळं शाबूत.

तोवर सगळं ठीक होतं. आज सकाळी मला वाटलं, आपणही काही करावं. पट्टी वळवताना पुठ्ठा वाया जातो, तो वाचवता येईल असं मला दिसलं. पुठ्ठा पाव वळसा फिरवून मांडला की झालं. तीस वर्षांचा हात आहे, मला दोन तास पुरले. खोकं केलं, कडा घासल्या आणि तिच्यापुढे ठेवलं. खरं सांगू का, मी वाट बघत होतो की ती काय म्हणते. असा वाट बघत मी गिऱ्हाइकापुढेही कधी उभा राहिलेलो नाही.

 ती ते खोकं आत घेऊन गेली. मी बाहेर एक ऑर्डर कापत बसलो आणि तीनदा चुकीचं माप घेतलं. पाऊण तासाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझं खोकं नव्हतं, तिने तसंच बनवलेलं दुसरं होतं, त्याची पट्टी शिरांना आडवी जाऊन चिरली होती, आणि तिच्या अंगठ्याला नवा फोड आला होता.

"बाबा, हे चुकलंय," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली.

काका